दोन्ही घरचे पाहुणे
आज माळा आवरताना 'इव्हॅनेसन्स' या अमेरिकन रॉक बँडची 'फॉलन' ही सीडी सापडली. डबीला तडा गेलाय, कव्हरवरचा निळसर चेहरा मात्र तसाच. फडकं बाजूला टाकून तिथेच फतकल मारली आणि अख्खी ऐकली.

२००३ साली ही सीडी अमेरिकेतल्या ख्रिश्चन धार्मिक पुस्तकं-गाणी विकणाऱ्या दुकानांतही विकली जात होती. मग बँडवाल्यांनी एका मुलाखतीत, शिवी हासडून, 'आम्ही त्या ख्रिश्चन गाण्यांच्या यादीत काय करतोय?' असं विचारलं, आणि कंपनीनेच दुकानदारांना माल काढायला सांगितला! त्याआधीचे ते 'स्ट्रायपर', येशूची गाणी दणदणीत हेवी मेटलमध्ये वाजवणारा बँड. पिवळे-काळे पट्टे, फुगवलेले केस, स्टेजवरून बायबलं भिरकावायचे. तरी टीव्हीवरचे धर्मोपदेशक त्यांच्यावर चिडलेलेच. (मला आवडायचे, हसू नका.)

भाची म्हणाली, "मावशी, मग हे नक्की कुणाचे?"

म्हटलं, आधी ते फडकं दे.