ताम्हण, चौथा उन्हाळा: छाटणी कधी केली त्यावर सगळं

जागा कोथरूडची, टेकडीकडचा उतार. वर दीड फूट माती, खाली मुरूम. रोप जून 2021 मध्ये लावलं तेव्हा तीन फुटांचं होतं. आता, जून 2025 मध्ये, झाड साडेअकरा फूट आहे.

यंदा नऊ तुरे आले, सर्वांत लांब 34 सेंमी. 2024 मध्ये एकही नव्हता, पानं मात्र भरपूर. ताम्हणाचा तुरा त्याच हंगामात फुटलेल्या फांदीच्या टोकाला येतो. गेल्या वर्षी छाटणी मार्चअखेर झाली, तोवर नवे फुटवे वीतभर वाढले होते. कात्रीखाली गेले ते तुरेच म्हणायचे. भरीला फेब्रुवारीत 200 ग्रॅम युरिया घातलेला. झाडानं तो सगळा पानांवर उधळला.

म्हणून या खेपेला क्रम बदलला. नोव्हेंबरपासून पाणी पंधरा दिवसांतून एकदाच, खत बंद. डिसेंबरात पानं तांबडी होऊन गळू लागली. अनेक जण इथेच घाबरून पाइप सोडतात. घाबरायचं काही नाही, ही त्याची रीतच आहे. 25 जानेवारीला, झाड जवळजवळ निष्पर्ण असताना, छाटणी केली: सुकलेली बोंडं, आत वळलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या, बुंध्यालगतचे फुटवे. पेन्सिलीपेक्षा जाड फांदी शक्यतो ठेवली. शेंडा सरसकट उडवला नाही, कारण तसं केलं की झाडाचा खराटा होतो. इंचापेक्षा रुंद दोनच घाव होते. त्यांना बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावली: 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), 100 ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. प्लॅस्टिकच्या डब्यातच कालवायची. लोखंडी डब्यात मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि पेस्ट वाया जाते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आळं मोकळं करून 10 किलो कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड दिली, मग पाणी सुरू. मार्च ते मे दर चौथ्या दिवशी 40 लिटर. ताम्हण मुळात ओढ्याकाठचं, कोकण-घाटातलं झाड. पुण्याच्या मुरमात ते जगतं, पण उन्हाळ्यात तहान काढली तर कळ्या गाळून मोकळं होतं. आळं बुंध्याला चिकटून नको, फांद्यांच्या घेराखाली हवं. वर चार इंच पालापाचोळा, बुंध्यापासून वीतभर दूर.

मार्चमध्ये एक घोळ झाला. नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या. लोहाची कमतरता. जमिनीत लोह असतं, पण बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानं माती चुनखडीसारखी वागते आणि मुळांना ते मिळत नाही. फेरस सल्फेट 5 ग्रॅम आणि सायट्रिक अॅसिड 1 ग्रॅम प्रति लिटर, संध्याकाळी, दहा दिवसांच्या अंतरानं दोन फवारण्या. त्यानंतर फुटलेली पानं हिरवी आली. आधीची पिवळीच राहिली. पाणी तेच राहिलं तर पुढच्या वर्षी हे पुन्हा होणार.

कोवळ्या शेंड्यांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) आला, मागोमाग मुंग्या आणि काजळी (काळी बुरशी). पाण्याचा जोरदार फवारा तीन दिवस मारला, मग कडुनिंब तेल 5 मिली प्रति लिटर, त्यात थोडा साबण. भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) यंदा नव्हती. असती तर पाण्यात विरघळणारं गंधक 2 ग्रॅम प्रति लिटर, तेही सकाळी लवकर. पारा बत्तिशीच्या वर गेल्यावर गंधकानं पानं करपतात.

14 एप्रिलला कळ्या दिसल्या: हरभऱ्याएवढ्या, खाली कंगोऱ्या-कंगोऱ्यांचा निदल (कळीचं बाहेरचं वेष्टन), हाताला लोकरीसारखा. 29 एप्रिलला पहिलं फूल उमललं, महाराष्ट्र दिनाच्या दोन दिवस आधी. राज्यपुष्पानं वेळ पाळली. सहा पाकळ्या, चुरगळलेल्या क्रेप कागदासारख्या, मधे पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. फूल पहिल्या दिवशी गडद जांभळं असतं, मग फिकट होत पांढुरकं होतं, त्यामुळे एकाच तुऱ्यात खालून वर चार छटा दिसतात. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या पावसानं उरलेल्या पाकळ्यांचा लगदा झाला.

सहा तुऱ्यांची हिरवी बोंडं काढली आहेत. शक्ती बियांत न जाता नव्या फुटव्यांत गेली तर जुलै-ऑगस्टमध्ये हलका दुसरा बहर येऊ शकतो. तीन तुरे बियांसाठी ठेवलेत: डिसेंबर-जानेवारीत बोंडं तपकिरी होऊन तडकू लागली की उतरवायची, आतलं बी पंखाचं असतं, वारा लागला की उडून जातं.

रोप विकत घेणार असाल तर पान बघा. ताम्हणाचं वीतभर, जाडसर. त्याच्याच जवळच्या इंडिका जातीचं (लॅगरस्ट्रोमिया इंडिका) दोन-तीन इंची. दोन्ही एकाच नावानं विकली जातात, आणि इंडिका झुडपाएवढंच राहतं.