पाटीवर गिरवलेली कवटी

बोस्टनच्या उत्तरेला एका गावातल्या जुन्या दफनभूमीत एक कललेला दगड सरळ करायचा होता. काम दीड दिवसाचं. दगड एका बाईचा, तारीख फेब्रुवारी १७२३/४. हा जोड आकडा म्हणजे पाथरवटाचा गोंधळ नाही. इंग्रजी वसाहतींत १७५२ पर्यंत कायद्याचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून त्याआधीच्या आठवड्यांना दोन्ही वर्षं कोरत. वयही जपून वाचावं लागतं. ‘वयाच्या ३४व्या वर्षात’ म्हणजे ३३ पूर्ण. आपण ‘चौतिसावं लागलं होतं’ म्हणतो, तेच. गावाच्या छापील यादीत मात्र तिचं वय सरळ ३४ लिहिलंय. वंशावळी काढणारे अशा याद्या उतरवून घेतात आणि जन्मसाल एकानं चुकतं ते चुकतंच.

दगड स्लेटचा, म्हणजे आपल्या शाळेच्या पाटीचाच, फक्त अडीच इंच जाड. कण इतका बारीक की केसाएवढी रेघ ३०० वर्षं टिकते. पण स्लेटला पापुद्रे असतात. वरच्या कडेतून पाणी शिरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि एके दिवशी अक्षरांसकट खपली गळते. म्हणून ब्रश लावण्याआधी बोटाच्या पेरानं ठोकून ऐकायचं. भरीव जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी फुटक्या मडक्यासारखा. बद्द वाजलं की तिथे ब्रश नाही. बाकीच्या भागाला आधी भरपूर पाणी, मग मऊ ब्रश, तोही खालून वर, नाहीतर घाणीचे ओघळ कोरड्या दगडात मुरतात. दगडफूल लाकडी काडीनं सोडवायचं.

लोक काय काय करतात ते सांगायला नको. ब्लीच ओततात, त्याचे क्षार दगडात राहतात. तारेचा ब्रश मारतात. अक्षरं उठून दिसावीत म्हणून दाढीचा फेस फासणारेही भेटतात, आणि तो तेलकट थर नंतर आम्ही काढत बसतो. खरं तर कपाटाच्या दाराचा लांब आरसा पुरतो. ऊन आरशात घेऊन दगडावर बाजूनं तिरपं टाकलं की जी ओळ दिसत नव्हती ती वाचता येते. पण सर्वांत जास्त दगड मारलेत ते गवत कापणाऱ्या यंत्रांनी. बुडाशी चट्ट्यांची आडवी ओळ दिसली की समजायचं.

आमच्या दगडाचं वरचं काम नेहमीचं, तरी देखणं. मधे कमान, दोन्ही बाजूंना खांदे, म्हणजे पलंगाच्या उशाच्या फळीसारखा आकार. उशाला मोठा दगड आणि पायताला छोटा, अशी जोडीच असे. कमानीत पंखांची कवटी, खांद्यांवर कंपासनं आखलेली फुलं, कडेच्या पट्ट्यांत पानं आणि भोपळ्यांसारखी फळं. कवटी म्हणजे मरण आणि पंख म्हणजे उडून जाणारा जीव, असं सहसा सांगतात. अभ्यासकांचं यावर एकमत नाही. प्युरिटन, म्हणजे इथे वसलेल्या कडव्या प्रोटेस्टंट लोकांच्या प्रार्थनाघरात चित्राला जागा नव्हती, थडग्यावर क्रूसही नाही. दफन मात्र त्यांच्या लेखी चर्चचा विधी नव्हता, ते गावाचं काम होतं, त्यामुळे पाथरवटाची छन्नी तिथे मोकळी सुटली. वाळूचं घड्याळ, फुल्लीत हाडं, कुदळ-फावडं, शवपेटी, सगळं येतं. १८व्या शतकात कवटीला हळूहळू गाल फुटतात आणि तिचा पंखांचा बालचेहरा होतो. शतकाच्या शेवटी विलोचं झाड आणि कलश. १९६०च्या दशकात डेथलेफसेन आणि डीट्झ या अभ्यासकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या दफनभूम्यांत दगड मोजून ही चढउतार आलेखात मांडली. आलेख चोख आहे, पण त्यात एका छन्नीचा हात दिसत नाही.

हात ओळखायचा तो बारकाव्यांवरून. बोस्टनजवळच्या चार्ल्सटाउनच्या लॅमसन या पाथरवट घराण्यानं कोरलेल्या कवट्यांना भुवया असतात, टोकाशी वळलेल्या. आमच्या कवटीलाही तशाच. सही जवळजवळ कधीच नसते. मयताच्या मालमत्तेच्या हिशोबात दगडाचे पैसे कोणाला दिले ते कधीकधी सापडतं, आणि त्याच वाटेनं हॅरिएट फोर्ब्ज या अभ्यासक बाईंनी १९२०च्या दशकात बरीच नावं उजेडात आणली. या बाईचा हिशोब मिळालेला नाही. भुवयांचं वळण शेजारपाजारच्यांनीही उचललं असणार, म्हणून मी नाव लावत नाही.

आता मूळ गोष्ट. दगड जमिनीवर २८ इंच, खाली १६. वजन सुमारे ११० किलो. भोवतीची माती हातानं, बुडापर्यंतच काढायची, त्याखाली नाही. मग नायलॉनचे पट्टे, तिपाई, साखळीची कप्पी. लोखंडी पहार कडेला लावली तर पापुद्रा सुटलाच म्हणून समजा. दगड गादीवर आडवा केला, बुडाची माती ओल्या स्पंजनं पुसली, आणि तिथे कोरीव काम निघालं.

जमिनीखालच्या भागावर सराव केलेला सापडणं तसं नवं नाही. कुठेकुठे किंमतही कोरलेली सापडते. इथे तीन पंख होते, नुसते डावे पंख, कवटीशिवाय. शेजारी ‘एन’ हे इंग्रजी अक्षर, उलटं कोरलेलं. पिसं कौलांसारखी चढवायची असतात, वरचं खालच्यावर. पहिल्या दोन पंखांत सर्वांत खालचं पीस चुकून वरच्यावर चढलंय. तिसऱ्यात ते बरोबर आत गेलंय. मी उठून कमानीकडे गेलो, आरसा धरला. वरच्या कवटीच्या डाव्या पंखातही खालचं पीस वर चढलेलं. हाच पंख मी आदल्या दिवशी स्वच्छ केला होता, फोटो काढले होते, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

म्हणजे वरचा पंख शिकाऊ पोरानं कोरला का? आणि उस्तादानं चूक बघून त्याच दगडाच्या बुडावर, मातीत जाणाऱ्या भागावर, तीनदा गिरवून घेतलं? की सराव आधीचा, आणि तिसऱ्यांदा जमलेलं खऱ्या कामात पुन्हा बिघडलं? दुसरं जास्त शक्य आहे, कारण तयार दगडावर पोराला छन्नी कोण मारू देईल. पण कडेच्या पट्टीची आखणीची रेघ खाली बुडापर्यंत ओढलेली आहे आणि ती पंखांमधून जाते. रेघ खाचेच्या आतून गेली असेल तर सराव आधीचा. खाचेनं रेघ तोडली असेल तर नंतरचा. दोन ठिकाणी खाचेनं रेघ तोडलेली स्पष्ट दिसली. तिसऱ्या पंखाशी, जिथे पीस बरोबर आलंय, तिथे रेघ खाचेच्या उतारावर उतरल्यासारखी वाटते. वाटते म्हणतोय.

गावाच्या समितीतल्या एका गृहस्थांना दगड सिमेंटच्या बैठकीवर उंच बसवायचा होता, म्हणजे पंख लोकांना दिसतील. हेतू चांगला. पण कडक सिमेंटमध्ये धरलेली स्लेट हलायला जागा नसल्यानं तिथेच मोडते, आणि पाणी व क्षार सांध्यात साठतात. शिवाय ते पंख टवटवीत राहिले ते मातीत होते म्हणूनच. छन्नीच्या कडा बोटाला लागत होत्या. वरच्या कमानीत त्या कधीच बोथट झाल्यात. अर्धा तास वाद झाला. मग प्लॅस्टिकच्या पारदर्शक कागदावर ठसा उतरवला, पट्टी ठेवून दिवा फिरवत ४० फोटो घेतले, आणि दगड परत खाली. खड्ड्यात बारीक खडी आणि वाळू, तीन-चार इंचांचा एकेक थर लाकडानं ठोकून, दर थराला लेव्हल लावून.

घरी फोटो बघताना कळलं की दिवा तिन्ही बाजूंनी फिरवला, खालच्या बाजूनं नाही. गादीच्या कडेमुळे तिथे स्टँड बसत नव्हता. तिसऱ्या पंखावरचा रेघेचा छेद नेमका त्याच उजेडात दिसला असता. दगड पुन्हा काढायला कोणी परवानगी देणार नाही, आणि मागितली तर मीच नाही म्हणेन. सध्या शेजारच्या दोन रांगांतल्या १७३० पर्यंतच्या सगळ्या दगडांचे डावे पंख बघतोय. आतापर्यंत ११ झाले. एकात खालचं पीस वर चढलेलं आहे, पण तिथे ‘एन’ सरळ आहे.