रणगाड्यावर पिन वॉश: आधी ग्लॉस, मग घाई नको

टी-३४ या सोव्हिएत रणगाड्याच्या १:३५ प्रमाणातल्या प्लास्टिक मॉडेलवर पिन वॉश, म्हणजे फक्त खाचा आणि रिव्हेटभोवती दिलेला पातळ गडद रंग, देताना निम्मं काम वार्निशचं असतं. मॅट, म्हणजे चमक नसलेल्या रंगाचा पृष्ठभाग खरखरीत असतो. वॉश त्यात शोषला जाऊन पसरतो आणि वाळल्यावर कडेला चहाच्या कपासारखे डाग उरतात. म्हणून अ‍ॅक्रिलिक रंगावर अ‍ॅक्रिलिक ग्लॉस (चकचकीत) वार्निशचे दोन पातळ हात द्या आणि किमान २४ तास थांबा. दमट हवेत लॅकर स्प्रे टाळाच, पांढुरका पडतो.

वॉशसाठी बर्न्ट अंबर ऑइल कलरमध्ये किंचित काळा मिसळा. निव्वळ काळा गडद हिरव्यावर निर्जीव दिसतो. रंग आधी अर्धा तास पुठ्ठ्यावर ठेवला की जास्तीचं जवसाचं तेल पुठ्ठा शोषून घेतो. मग एक भाग रंगाला सुमारे दहा भाग वासरहित व्हाइट स्पिरिट.

० नंबरच्या ब्रशचं टोक रिव्हेटच्या बुडाशी नुसतं टेकवा. थेंब आपोआप कडेकडेने धावत जातो, रिव्हेटभोवती बारीक गडद कडं उमटतं. हे बघण्यासारखं असतं! सगळीकडे वॉश फासू नका. मूळ रंग मळकट होतो.

वीसेक मिनिटांनी थिनरमध्ये, म्हणजे त्याच व्हाइट स्पिरिटमध्ये, बुडवून टिपलेल्या, जेमतेम ओलसर ब्रशने जादा रंग वरून खाली ओढा, पावसाचे ओघळ जातात तसा. ब्रश फार ओला असेल तर खाचेतलाही निघून येतो.

आणखी एक: न रंगवलेल्या, ताणात बसवलेल्या भागावर थिनर साचू देऊ नका. मॉडेलचं प्लास्टिक, पॉलिस्टायरिन, तडकतं, विशेषतः चाकांचे दांडे. मॅट वार्निश दोन दिवसांनी.