इंजिन तापले होते, टायर नव्हते

गेल्या डिसेंबरात आम्ही महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळच्या एका लहानशा हॉटेलात दोन रात्री राहिलो होतो. थंडीत त्या तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठतात, ही बातमी वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत वाचलेली असली, तरी गाडीच्या टपावर हाताला खरखरीत लागणारा तो पांढरा थर मी त्या पहाटे प्रथमच पाहिला. पुण्याच्या पुढची रहदारी वाढण्याआधी मुंबई गाठावी, या हिशेबाने आम्ही पावणेसातला निघालो, तेव्हा डॅशबोर्डवर बाहेरचे तापमान ४ अंश दिसत होते.

माझी गाडी दोन आसनांची, मागच्या चाकांना ताकद देणारी, टर्बो इंजिनाची सेकंडहँड स्पोर्ट्स कार आहे. बॅगा ठेवून होईपर्यंत इंजिन चालू ठेवले होते, त्यामुळे तापमानाचा काटा मध्यावर आला होता आणि गाडी तापली, असे मी धरून चाललो. पाचगणीच्या रस्त्यावर दोन किलोमीटरही झाले नसतील. एका उजव्या वळणातून बाहेर पडताना, रोज वांद्र्याच्या उड्डाणपुलावर देतो तेवढाच ॲक्सिलरेटर मी दुसऱ्या गिअरमध्ये दिला आणि गाडीचा मागचा भाग सरळ डावीकडे, रस्त्याच्या कडेकडे निघाला. पिवळा दिवा लुकलुकला, स्टॅबिलिटी कंट्रोलने ताकद तोडून एका चाकाला ब्रेक लावला आणि गाडी पुन्हा रांगेत आली. हे सारे सेकंदभरात घडले. शेजारून फक्त "अहो!" एवढेच ऐकू आले.

पुढे जागा बघून थांबलो. रस्त्यावर दव असेल, अशी माझी समजूत होती. परंतु खाली वाकून हात लावला, तर डांबर कोरडे होते. टायरला हात लावला आणि मग उलगडा झाला. त्याला इंजिनाची ऊब लागलेलीच नव्हती. गाडीत पाण्याचे, तेलाचे, बाहेरच्या हवेचे तापमान दाखवायची सोय आहे; मात्र रस्त्याला टेकलेल्या त्या चार तळहाताएवढ्या ठिपक्यांचे तापमान माझ्या गाडीत कुठेच दिसत नाही.

रबराची पकड म्हणजे नुसता खरखरीतपणा नव्हे. डांबरातील खडीच्या बारीक उंचवट्यांवर रबर दाबले जाते, त्यांच्या आकारात बसते आणि मूळ आकारात जरा उशिराने परतते. या उशिरातून, तसेच रबर व रस्ता यांच्या प्रत्यक्ष चिकटण्यातून पकड येते. थंडीत रबर ताठ होते आणि खडीच्या फटींत उतरतच नाही. चिक्कीचा पाक गरम असताना लाटण्याखाली हवा तसा पसरतो आणि गार झाला की कटकन तुटतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही गोष्ट निराळी समजावून सांगायला नको. टायर अर्थातच चिक्कीइतका कडक होत नाही, पण वाट तीच आहे. समर टायरसाठी, म्हणजे उबदार हवामानासाठी बनवलेल्या टायरसाठी, कंपन्या साधारण ७ अंशांची मर्यादा सांगतात; त्याखाली थंडीसाठीचे विंटर टायर वापरा, असे त्यांचे म्हणणे. मात्र ७ अंशांना काही दार बंद होत नाही, पकड त्याआधीपासूनच उतरत आलेली असते.

आपल्याला हे ठाऊक नसण्याचे कारण सरळ आहे. सांताक्रूझला आजवर नोंदलेले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे, आणि ते २२ जानेवारी १९६२ रोजीचे आहे. म्हणजे ज्या मर्यादेची चर्चा युरोपात दर वर्षी होते, ती मुंबईच्या वाट्याला कधी आलेलीच नाही. दादरच्या टायरवाल्याकडे जाऊन "समर टायर द्या" म्हटले, तर तो आपल्याकडे चमत्कारिक नजरेने पाहील, कारण त्याच्या दुकानात दुसरे काही नसतेच. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" असे एका मित्राने मला विचारले. प्रश्न बर्फाचा नाहीच. माझी गाडी कोरड्या रस्त्यावर घसरली.

थांबलोच होतो म्हणून हवाही मोजली. मुंबईत ३० अंशांत ३२ पीएसआय भरली होती. ४ अंशांना ती २८च्या आसपास यायला हवी होती, पण मापकावर ३० दिसली. घरी आल्यावर हिशेब जुळला: मापक आतल्या आणि बाहेरच्या दाबातील फरक दाखवतो, आणि सुमारे १,३५० मीटर उंचीवर बाहेरचा दाबच मुंबईपेक्षा साधारण दोन पीएसआयने कमी असतो. (नायट्रोजन भरल्यास हवा कमी-जास्त होत नाही, असे पेट्रोल पंपावर सांगतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि थंडीत दोन्हींचा दाब सारखाच उतरतो.)

त्या रात्री म्युनिकला असलेल्या भाच्याला फोन केला. "मामा, इथे हा प्रश्न ऑक्टोबरातच मिटतो," तो म्हणाला. तिकडे ऑक्टोबर ते ईस्टर विंटर टायर, असा लोकांचा ठोकताळा आहे आणि बर्फाळ रस्त्यावर ते कायद्यानेच सक्तीचे आहेत. २०२४च्या ऑक्टोबरपासून तर डोंगर व हिमकणाचे चिन्ह असलेलेच टायर त्यात धरले जातात. ट्रॅकसाठी बनवलेल्या काही मऊ टायरबाबत तर उणे ७ अंशांखाली गाडी जागची हलवूसुद्धा नका, रबराला तडे जातील, असा इशारा कंपन्या देतात. विंटर टायर मुंबईत मात्र निव्वळ पैशांचा चुराडा आहे. ३५ अंशांच्या डांबरावर ते मऊ रबर झपाट्याने झिजेल आणि ब्रेक लावताना गाडी लोळल्यासारखी वाटेल. आपल्यासाठी समर टायरच योग्य, याबद्दल मला अजूनही शंका नाही.

शंका होती ती माझ्याच टायरबद्दल. खाचा भरपूर शिल्लक होत्या, म्हणून मी निश्चिंत होतो. परंतु टायरच्या बाजूवरचे चार अंक वाचले, तर ते २०१८च्या चौदाव्या आठवड्यात तयार झालेले निघाले. मुंबईत अशा गाड्या चालतात कमी आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या राहतात जास्त, त्यामुळे खाचा झिजत नाहीत आणि रबर मात्र वर्षागणिक कडक होत जाते. जुनेपणाने आलेल्या ताठपणात थंडीच्या ताठपणाची भर पडली होती. चारही टायर बदलले आणि त्या महिन्याचे बजेट कोलमडले.

जानेवारीअखेर पुन्हा त्याच हॉटेलात गेलो. फॉर्म्युला वनच्या गाड्यांचे टायर विजेच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून तापवतात. माझ्याकडे उन्हाचीच सोय होती. आदल्या रात्री गाडी पूर्वेकडे, सकाळचे ऊन थेट चाकांवर पडेल अशी लावली, सकाळी थालीपीठ खाऊन दुसरा चहाही घेतला आणि साडेनवाला, १५ अंशांत, निघालो. तरीही पाचगणीपर्यंत तिसऱ्या गिअरमध्ये, पाय हलका ठेवून गेलो, कारण उतारावर इंजिनाला काम नसते आणि टायर ऊन खाऊनही आतून सावकाशच तापतो. पसरणीचा घाट उतरून वाईला थांबलो, तेव्हा टायर हाताला कोमट लागत होते.