भीमाशंकरच्या वाटेवरचे रंग: पळस, धायटी, ऐन आणि हिरडा

फाल्गुनात भीमाशंकरच्या पट्ट्यात दोन दिवस काढले, तर अर्धा किलो सुती कापड घरी रंगवायला पुरेल इतका फुलापानांचा माल सहज मिळतो. पळस आणि धायटीची झुडपे तेव्हा एकाच वेळी फुललेली असतात आणि ऐनाच्या झाडाची जुनी पाने बुंध्याशी पडलेली असतात. वाट मंचर, घोडेगाव, डिंभे, तळेघर अशी. महाशिवरात्रीचे दिवस टाळा, गर्दीत रस्त्याकडेला थांबताही येत नाही.

भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीत पानालाही हात लावू नका. वेचायचे ते अलीकडच्या मालकी रानात, मालकाला विचारून. पळस आणि ऐन खाली पडलेलेच घ्या. धायटी झुडपावरून तोडावी लागते, म्हणून एका झुडपाची एकच मूठ. सूर्यपक्षी तिच्यावर मधासाठी येतात. हिरडा मात्र विकतच घ्या, इथल्या महादेव कोळी कुटुंबांचे ते उत्पन्न आहे.

पळसाची फुले पसरट टोपलीत आणा. प्लास्टिकच्या पिशवीत ती तासाभरात घामेजतात, काळी पडतात आणि पिवळ्याऐवजी मळकट तपकिरी रंग देतात. काळसर मखमली देठ खुडून टाका आणि पाकळ्या सावलीत वाळवा.

सगळ्यात आधी पाणी तपासा. पेलाभर पाण्यात चिमूटभर हिरडापूड टाकून दहा मिनिटे थांबा. पाणी पिवळसर राहिले तर उत्तम. निळसर-राखाडी झाले तर त्यात लोह आहे आणि त्यात पळसाचा पिवळा हमखास मरतो. बोअरचे पाणी बहुधा इथेच दगा देते. अशा वेळी साठवलेले पावसाचे पाणी वापरा. भांडे स्टीलचे घ्या, लोखंडी कढई नको.

मांजरपाट, म्हणजे जाडेभरडे कोरे सुती कापड, ५०० ग्रॅम. १५ ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा. पाणी चहासारखे झाले तर खळ निघते आहे, पाणी बदलून पुन्हा उकळा. डागाडागांनी रंग चढतो तो याच कामातल्या आळसाने. मग १०० ग्रॅम हिरडापूड रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवून गाळा, कापड त्यात चार तास ठेवा आणि न विसळता पिळून वाळवा. नंतर ७५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून कापड रात्रभर त्यात बुडवून ठेवा. सुताला तुरटी एकटी नीट धरत नाही. हिरड्यातले टॅनिन, म्हणजे त्यातला तुरट अंश, तिला धरून ठेवते, म्हणून हा क्रम उलटवू नका.

पिवळ्यासाठी सुक्या पाकळ्या कापडाच्या वजनाइतक्या घ्या. मंद आचेवर पाऊण तास ठेवा, खळखळ उकळू नका.

पानाफुलांचे ठसे कापडावर उठवायचे तर दुसरा तुकडा घ्या. ऐनाची पाने रात्रभर भिजवा. हिराकस (लोहाचा क्षार) कापडाच्या वजनाच्या २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमच्या तुकड्याला २ ग्रॅम, पाण्यात विरघळवून पाने त्यात बुडवून निथळा. जास्त घातला तर धागा वर्षभरात कुजतो. ओलसर कापडावर पाने आणि धायटी पसरा, नळीवर घट्ट गुंडाळा, सुतळीने करकचून बांधा आणि दीड तास वाफवा. सैल बांधले तर वाफेचे पाणी आत शिरते आणि कडा फुटतात. गुंडाळी पूर्ण थंड झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशीच सोडा. ऐनाचा ठसा राखाडी-काळा उठतो, धायटीचा फिकट तपकिरी.

पहिली धुलाई तीन दिवसांनी, रिठ्याने. सोड्याच्या साबणाने पळस नारिंगीकडे झुकतो. उन्हात तो लवकर विटतो, त्यामुळे पडद्यांना वापरू नका. ऐन-हिराकसाचे ठसे त्या मानाने बरेच टिकतात.