टायरवरचा आकडा

साताऱ्यात गोडोलीला माझं गॅरेज आहे. पावसाळ्यात एका दुपारी बामणोलीकडचे एक गुरुजी आले आणि मोटरसायकल स्टँडला लावायच्या आधीच म्हणाले, "मिस्त्री, गिऱ्हाईक बघा, विकायची आहे." यवतेश्वरचा घाट उतरताना मागचं चाक सरकायचं. मंडळी आता मागे बसायला तयार नव्हत्या. हँडलखालचे बेअरिंग म्हणजे कोनसेट बदलून झाला होता, मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे बुशही. चांगली गाडी होती, मला वाईट वाटलं.

मागचा टायर मधोमध गोटा झालेला, दोन्ही कडांची नक्षी मात्र नव्यासारखी. असा टायर दिसला की मी पाना बाजूला ठेवतो आणि हवा मोजायचं गेज घेतो. काटा ४४ पीएसआयवर गेला.

"हवा किती भरता, सर?"

"टायरवरच लिहिलंय की, ४१."

वाचलं होतं बरोबर. पण तो आकडा टायर कंपनीचा. जास्तीत जास्त ओझं पेलताना त्या टायरला किती हवा हवी, एवढंच तो सांगतो. तोच टायर निरनिराळ्या गाड्यांना बसतो. आपल्या गाडीचा आकडा गाडीची कंपनी ठरवते. चेनकव्हरवरचा चिखल पुसला तेव्हा स्टिकर दिसला: पुढे १.७५, मागे एकट्याला २.००, दोघांना २.२५. हे किलोत, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला इतके किलो; पंपावरच्या पीएसआयमध्ये २५, २८ आणि ३२. तेरा पीएसआय जास्त हवेने टायर फुगून मधली पट्टीच रस्त्याला टेकत होती. ओल्या वळणावर पकड कशी मिळणार?

गुरुजी लगेच हवा सोडायला निघाले. मी हात धरला. घाट उतरून आलेला टायर तापलेला असतो, आतला दाब चढलेला असतो. तेव्हा २८ केली की गार झाल्यावर दोन-तीन पीएसआय कमीच भरणार, आणि कमी हवेने टायरच्या कडा झिजतात, गाडी जड चालते. कंपनीचा आकडा गार टायरचाच असतो. पंपावर चालवत जाऊन हवा तपासणाऱ्या कितीतरी जणांना हे कोणी सांगतच नाही.

गाडी सावलीत लावली, चहा मागवला. गार झाल्यावर काटा ४१ वर आला; मग मागे २८, पुढे २५ केली. गुरुजी यवतेश्वरपर्यंत फिरून आले. विकायचा विषय त्यांनी काढला नाही.

मागचा टायर मात्र मी त्याच दिवशी बदलायला लावला. नक्षी गेलेला टायर हवा बरोबर केल्याने सुधारत नाही, आणि त्या घाटात पाऊस अजून महिनाभर होता. मंडळी बरोबर असतील तेव्हा घरूनच, गाडी सुरू करण्याआधी, मागे ३२ करायची, हे त्यांनी डायरीत लिहून घेतलं.