आधी हिंदी तरी येऊ दे!

ऐकू न येणाऱ्या मुलांच्या वर्गात मी इंग्रजी का शिकवते, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. परवा हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनीही हेच विचारलं, "अगं, तुझ्या मुलांना ऐकू येत नाही ना? मग इंग्रजी कशाला? आधी हिंदी तरी येऊ दे!"

इंदुरात मराठी घरातलं पोर हिंदी शिकत नाही, ती त्याला लागते. गल्लीत, पोहेवाल्याच्या ठेल्यावर, सर्दी लागावी तशी. माझ्या वर्गातल्या मुलांना ती लागत नाही आणि घरची मराठीही लागत नाही. त्यांची पहिली भाषा साइन, म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा. हिंदी हीच त्यांची दुसरी भाषा. ओठ वाचून येईल म्हणता? आरशासमोर आवाज न काढता 'पार, बार, मार' म्हणून बघा. तिन्ही एकच दिसतात.

एका मुलीनं वहीत लिहिलं होतं, 'यस्टर्डे आय मार्केट गो.' पूर्वी मी लाल पेनानं सरळ खोडलं असतं. पण साइनमध्ये ते असंच येतं. 'काल' ही खूण आधी केली की काळ ठरला, पुढे क्रियापदाचं रूप बदलत नाही. 'इज', 'द' यांना तर खुणाच लागत नाहीत. म्हणजे तिनं चूक केली नव्हती, शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं होतं. आता मी आधी वाक्य साइनमध्ये करायला सांगते, मग फळ्यावर वर साइनचा क्रम, खाली इंग्रजीचा आणि मध्ये बाण. 'गो'चं 'वेन्ट' का, हे तरीही अडतंच. "काल लिहिलंय ना, मग परत कशाला सांगायचं?" यावर माझ्याकडे बरं उत्तर नाही. हिंदीतल्या 'ने'वर आणि स्त्रीलिंगी खुर्चीवर तर त्याहून नाही.

उलट इंग्रजी अक्षरं त्यांच्या हातात आधीपासूनच आहेत. नावं बोटांनी सांगायची ती सर्रास रोमन अक्षरांतच. पाच स्वर पाच बोटांच्या टोकांवर, अंगठा 'ए', करंगळी 'यू'. 'नाइफ'मधला न ऐकू येणारा 'के' ऐकणारी मुलं विसरतात. आमच्याकडे सगळीच अक्षरं मुकी, त्यामुळे तोही लक्षात राहतो.

परीक्षेत हीच बोटं बाकाखाली चालतात. बाहेरून आलेले पर्यवेक्षक म्हणतात, "मुलं किती शांत आहेत हो!" आणि मला तिसऱ्या बाकावरून चौथ्या प्रश्नाचं स्पेलिंग जाताना दिसत असतं.